प्रायरीवरून पडलेली स्थळनावे कशी तपासावीत

इंग्लंडमधल्या गावात प्रायरी लेन, प्रायर्स फील्ड, मंक्स वूड अशी नावे दिसली की तिथे जुना मठ असणार, असे लोक लगेच धरून चालतात. प्रायरी म्हणजे ख्रिस्ती मठ, प्रायर म्हणजे त्याचा प्रमुख आणि मंक म्हणजे मठवासी साधू. नाव खरेच प्रायरीवरून आले का, हे ठरवायला दोन पुरावे लागतात: जमीन प्रायरीची होती, आणि नाव पुरेसे जुने आहे.

आधी मालकी पाहा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ ते १५४० दरम्यान मठ बरखास्त केले. त्याच्या आदल्या वर्षी, १५३५ मध्ये, चर्चच्या उत्पन्नाची देशभर मोजदाद झाली होती. ‘व्हॅलोर एक्लेसियास्टिकस’ या त्या लॅटिन नोंदींत कोणत्या मठाला कोणत्या गावातून किती उत्पन्न येई ते सापडते. गावाचे स्पेलिंग आजच्यासारखे नसते, म्हणून उच्चाराने शोधा.

मग शेतांची नावे. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्यायच्या दशांश करासाठी काढलेले नकाशे यासाठी सर्वांत कामाचे. नकाशावर बहुतेक नुसते क्रमांक असतात; मालक, कसणारा आणि शेताचे नाव सोबतच्या नोंदवहीत मिळते. त्यामुळे दोन्ही एकदमच मागवा. एखादा मोठा पट्टा नकाशावर कोराच दिसला तर तो सोडून देऊ नका. मोठ्या मठांच्या काही जमिनींना दशांश माफ होता आणि ती माफी पुढच्या मालकांकडेही चालत आली. अशा कोऱ्या पट्ट्याची मालकी मुद्दाम तपासावी.

जुने रूप का हवे, ते वॉरिकशरमधल्या ननीटनवरून कळते. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (देशभरच्या जमिनींच्या राजेशाही मोजदादीत) ते नुसते ‘एटोन’ आहे. बाराव्या शतकात तिथे ननची, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींची, प्रायरी झाली आणि पुढे ‘नन’ जोडले गेले. म्हणजे गाव मठाआधीचे, फक्त उपपद मठाचे.

याच गावात ॲबी स्ट्रीटही आहे. ॲबी म्हणजे मोठा मठ, पण लोक प्रायरीलाही सर्रास ‘ॲबी’ म्हणत, म्हणून तेवढ्यावरून दुसरा मठ शोधत बसू नये.

सर्वांत जास्त फसवणूक एकोणिसाव्या शतकातल्या बंगल्यांमुळे होते. ‘द प्रायरी’, ‘द ग्रेंज’ (ग्रेंज म्हणजे मठाची शेतवाडी) ही नावे तेव्हा हौसेने ठेवली जात आणि शेजारच्या रस्त्यालाही तेच नाव पडे. बंगला बांधण्याआधीच्या नकाशात नाव नसेल, तर ते मठाचे समजू नका. प्रायर आणि मंक ही आडनावेही आहेत. म्हणून जुन्या करयाद्यांत त्या आडनावाचे कुटुंब गावात होते का, तेही पाहून घ्या.