गावच्या मराठी शाळेचा इतिहास लिहायला बसताय?

शाळेची स्मरणिका म्हटली की आमदारांचा संदेश, सरपंचांचा फोटो आणि 'ज्ञानगंगा' आलीच. ते छापा, पण त्याला इतिहास म्हणू नका. माझी अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. इतिहास असतो तो कपाटातल्या जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंद असते त्या वहीत.

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. जात आणि जन्मतारखेचा पुरावा तोच, त्यामुळे रजिस्टर घरी न्यायला मागू नका. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुनी रजिस्टरं पुन्हा उघडली गेली, पानं आधीच कुरतडलेली. थुंकी लावून पान उलटायचं नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही. तिथंच बसून मोबाइलवर फोटो काढा. मोडी निघाली तर जाणकार गाठा. मराठवाड्यात उर्दूचीही तयारी ठेवा.

निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा दिसेल. ते गुरुजींचं गणित, पोराचं वय बसवायचं म्हणून. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना मात्र बोट ठेवून वाचा. 1918 च्या शेवटी ओळीनं 'मयत' आलं तर इन्फ्लुएंझाची साथ आठवा. पहिली मुलगी कधी आली, कितवीत गळाली? ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुल्या. तुमच्या शाळेत ती पोरं त्यानंतर किती वर्षांनी आली, ते काढा. माझ्या मते स्मरणिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच.

लोकल बोर्ड, मग स्कूल बोर्ड, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद, असे शिक्के बदलत जातील, शाळा तीच. कोल्हापूर संस्थानातलं गाव असेल तर शाहू महाराजांच्या 1917 च्या सक्तीच्या मोफत शिक्षणापासून धागा पकडा.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा. 'शाळा कशी होती?' विचारलंत तर 'लई भारी' म्हणून मोकळे होतील. 'कुठं बसायचा? पाटी कशानं पुसायचा? पाणी कोण द्यायचं?' असं विचारा. एक आजोबा पाण्यापाशी अडले, मग म्हणाले, "वरनं वतायचे. आमी वंजळ धरायचो." हे वाक्य जसंच्या तसं छापा, प्रमाणभाषेत करू नका. आणि नाव घालायचं की नाही ते त्यांनाच विचारा.

नावांच्या यादीत जात छापू नका. कोणत्या वस्तीतली किती पोरं कोणत्या साली आली, एवढे आकडे पुरतात. काढलेल्या फोटोंचा एक संच शाळेत ठेवा, एक गावच्या वाचनालयात.