क्युबन चण्यांचा पोताहे: या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला वाडग्याचा फोटो पाठवतं. वर कोथिंबीर पेरलेली, कडेला लिंबाची फोड, कांद्याच्या चकत्या आणि खाली मजकूर: "केला बरं का तुमचा क्युबन पोताहे!" ते छोले असतात. बहुतेकदा चांगले असतात, पण छोलेच.

मी फ्लोरिडातल्या हायलियाला अकरा वर्षं राहिले. मायामीला लागून असलेलं हे गाव इतकं क्युबन आहे की वाण्याकडे इंग्रजीत काही मागितलं तर लोक वळून बघतात. शेजारी क्युबातल्या कामाग्वेहून आलेल्या एक आजी राहायच्या. पोताहे दे गारबान्सोस मी त्यांच्या ओट्याशी उभं राहून शिकले. लिहून घ्यायला वही काढली की त्या चिडायच्या, त्यामुळे खाली जे सांगणार आहे त्यात मापं कमी आणि सवयी जास्त आहेत.

ज्यांनी कधी खाल्लाच नाही त्यांच्यासाठी: पोताहे म्हणजे दाट रस्सा. काबुली चणे, त्यात स्पॅनिश चोरीसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), हॅम किंवा हॅमचं हाड, बटाटा, लाल भोपळा, आणि हे सगळं बांधून ठेवणारा सोफ्रितो, म्हणजे तेलात मंद परतलेला कांदा-मिरची-लसणाचा मसाला. पदार्थाचं माहेर स्पेन. क्युबा 1898 पर्यंत स्पेनच्या ताब्यात होता आणि त्यानंतरही गालिसिया, आस्तुरियास, कॅनरी बेटं इथून माणसं तिकडे येतच राहिली, चण्याची आवड सोबत घेऊन. क्युबाच्या दमट हवेत चणा फारसा पिकत नाही, बाहेरून येतो. म्हणून रोजच्या ताटात काळा घेवडा आणि चणे मिळाले तर चैन.

सोफ्रितोची फोडणी करणं

ही माझी सगळ्यात लाडकी, म्हणजे सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक. आपला हात कढईजवळ गेला की तेल तापवतो, धूर निघायच्या बेतात आला की जिरं टाकतो. ते तडतडलं की कांदा, आच मोठी, चार मिनिटांत मोकळे. फोडणीचं काम तेवढंच असतं: कडक तेलात मसाल्याचा वास उतरवणं.

सोफ्रितोचं काम वेगळं आहे. तिथे कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण यांना तेलात हळूहळू विरघळवायचं असतं. ऑलिव्ह तेल चार टेबलस्पून, जास्त वाटलं तरी चार. तेल कोमट असतानाच बारीक चिरलेला एक मोठा कांदा आणि एक हिरवी ढोबळी मिरची घालायची. आच इतकी मंद की आवाज कुजबुजल्यासारखा यावा. दहा-बारा मिनिटांनी कांदा पारदर्शक होतो, मिरची मऊ पडते, मग पाच-सहा पाकळ्या ठेचलेला लसूण. लसूण आधी घातला तर करपतो आणि करपलेल्या लसणाची कडवट चव अख्ख्या पातेल्यात पसरते. शेवटी अर्धी वाटी टोमॅटो प्युरी, पाव वाटी ड्राय व्हाइट वाइन, अर्धा चमचा जिरेपूड, अर्धा चमचा ओरेगॅनो. तेल कडेनं सुटेपर्यंत परतायचं. एकूण वीस ते पंचवीस मिनिटं. आठ मिनिटांत झाला असेल तर तो झालेला नाही.

जिरं अख्खं नाही, पूड. आणि ती तेलात जाळायची नाही, टोमॅटोच्या ओलीत घालायची. मी एकदा आजींसमोर सवयीनं तेलात जिरं टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून खिडकी उघडली.

क्युबात खरं तर आही काचूचा नावाची छोटी, टोपीच्या आकाराची मिरची सोफ्रितोत घालतात. तिला हाबानेरो मिरचीसारखा घमघमाट असतो आणि तिखटपणा जवळजवळ नसतो. ती आपल्याकडे मिळत नाही. नाही मिळत तर नाही. तिच्या जागी लवंगी किंवा ज्वाला मिरची घालून "थोडं झणझणीत केलं" असं मला सांगू नका. हा पदार्थ तिखट नसतो. गरम मसाला नाही, आलं नाही, धणेपूड नाही. हळद तर नाहीच. तांबूस रंग टोमॅटो आणि चोरीसोतल्या पाप्रिकाचा, म्हणजे सौम्य लाल मिरचीपुडीचा असतो. क्युबन घरांत पिवळा रंग हवा असेल तेव्हा बिहोल नावाची पूड वापरतात, ती शेंद्रीच्या बियांची, आणि तीही मुख्यतः भातासाठी.

चणे शिजायच्या आधी आंबट घालणं

पुण्याला परत आल्यावर पहिल्याच दिवाळीत मी बारा माणसांना जेवायला बोलावलं. फराळाला कंटाळलेली मंडळी, म्हटलं काहीतरी वेगळं करू. एक किलो चणे रात्रभर भिजवले. सकाळी घाई होती, म्हणून "सगळं एकदमच लावून टाकू" असा विचार केला. ज्या माणसानं हा विचार पहिल्यांदा केला असेल त्याला शोधून मला दोन शब्द बोलायचे आहेत. चणे, पाणी, टोमॅटो, वाइन, बटाटे, सगळं मोठ्या कुकरमध्ये. सहा शिट्ट्या. उघडलं तर बटाट्याचा लगदा आणि चणे गोट्यांसारखे. आणखी सहा. आणखी आठ. नऊ वाजता पाहुणे आले तेव्हा कुकर चौथ्यांदा गॅसवर होता. दहा वाजता सासऱ्यांनी एक चणा तोंडात टाकला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते हेच ना?" मग आम्ही पिझ्झा मागवला.

चूक एक नव्हती, दोन होत्या. पहिली, आंबट. चण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. चणा मऊ होतो म्हणजे हे पेक्टिन विरघळतं. आम्लात ते विरघळायला तयार होत नाही. टोमॅटो आणि वाइन दोन्ही आंबट, म्हणून ती चणे बोटांत चिरडण्याइतके मऊ झाल्यावरच.

दुसरी चूक पाण्याची. सोसायटीत त्या आठवड्यात टँकरचं पाणी होतं, किटलीत पांढरा थर बसवणारं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. तेव्हापासून मी चणे भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचंच पाणी घेते. भिजवताना लिटरमागे दोन सपाट चमचे मीठ घालते. मिठानं चणे कडक होतात हे आपल्या सगळ्यांना आईनं सांगितलेलं आहे, पण भिजवण्याच्या पाण्यात उलटं होतं. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला.

"मावशी, चणे दगड झालेत."

"टोमॅटो कधी घातलास?"

"शेवटी. तू सांगितलंस तसंच."

"शेवटी म्हणजे नक्की कधी?"

"म्हणजे... चणे घातले, पाणी घातलं, मग शेवटी टोमॅटो."

आता मी "शेवटी" हा शब्द वापरत नाही.

सोड्याबद्दल विचारतातच. चिमूटभर खायचा सोडा भिजवण्याच्या पाण्यात घातला आणि नंतर चणे दोनदा धुतले तर चालेल, विशेषतः पाणी जड असेल तर. शिजवताना चमचाभर घालाल तर चणे लवकर फुटतील, साबणासारखी चव येईल आणि रस गढूळ होईल. मला तो मार्ग पसंत नाही, पण गोट्यांपेक्षा बरा. आणि चणेच जुने असतील, दोन वर्षं डब्यात पडलेले, तर सोडाही काही करू शकत नाही. त्यांची उसळसुद्धा धड होत नाही.

भिजवायला विसरणं

"गरम पाण्यात दोन तास ठेवले तर?" नाही. रात्री, किमान आठ तास. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये, नाहीतर सकाळी फेस आणि वास.

कुकरला घाबरणं, किंवा कुकरवर फार विसंबणं

परंपरेच्या नावानं काही जण मंद आचेवर दोन-अडीच तास चणे उकळत बसतात. बसा, छान होतात. पण कुकर वापरला तर अस्सल राहत नाही हा समज डोक्यातून काढा. क्युबन घरात कुकर आपल्याइतकाच पक्का बसलेला आहे. 2005 मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांनी वीज वाचवण्याच्या मोहिमेत घरोघरी प्रेशर कुकर आणि भाताचे इलेक्ट्रिक कुकर द्यायचं जाहीर केलं होतं. देशाचा प्रमुख कुकरवर भाषण देतो म्हणजे बघा.

फक्त शिट्ट्या मोजू नका. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिली शिट्टी झाली की आच बारीक आणि घड्याळ लावून अठरा मिनिटं. मग गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. नळाखाली कुकर धरणाऱ्यांनो, तुमच्या चण्यांची सालं त्यामुळेच फाटून तरंगतात.

कुकरमध्ये अर्धा किलो चणे, अडीच लिटर पाणी, हॅमचं हाड किंवा तुकडे आणि एक पान. बाकी काही नाही. हे पान तमालपत्र नाही. आपलं तमालपत्र दालचिनीच्या घराण्यातलं, तीन उभ्या शिरांचं आणि गोडसर मसालेदार वासाचं. इथे लॉरेलचं पान लागतं, मोठ्या दुकानात 'बे लीफ' म्हणून मिळतं. नसेल तर पान वगळा.

चोरीसो म्हणून काहीही घालणं

गोव्याचा चोरीस मला प्राणप्रिय आहे. पावात, भातात, कशातही. पण पोताहेत नाही. त्यात व्हिनेगर आणि लाल मिरच्या भरपूर असतात, रसात त्याचा आंबट-तिखटपणा उतरतो आणि चणे बिचारे बाजूला राहतात. नाव पोर्तुगीज-स्पॅनिश नात्यातलं असलं तरी स्वभाव वेगळा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची वेगळी गफलत होते, ती मेक्सिकन कच्चा चोरीसो घेऊन येतात. तो सुटा खिमा होतो. हवा तो स्पॅनिश पद्धतीचा, मुरवलेला, पाप्रिकाचा, चाकूनं चकत्या पडणारा. चकत्या सोफ्रितोच्या आधी त्याच तेलात दोन मिनिटं परतायच्या, बाजूला काढायच्या. तेल लाल होतं, मग त्यात कांदा.

डुक्कर न खाणाऱ्यांनी सोफ्रितोत एक चमचा स्मोक्ड पाप्रिका आणि दोन चमचे जास्त तेल घालावं. चव तीच येते असं मी म्हणणार नाही. पण स्पेनमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासात चणे डुकराशिवाय, पालक आणि खारवलेला कॉड मासा घालून करतातच, तेव्हा मांसाशिवाय चणे हा काही गुन्हा नाही. सोया चंक्स मात्र गुन्हा आहे.

मीठ आधीच घालणं

हॅम खारट, चोरीसो खारट. क्युबन दुकानातली 'विनो सेको' वापरत असाल तर तीही खारट, स्वयंपाकाची म्हणून तिच्यात मीठ घातलेलं असतं. सगळ्यात शेवटी चाखून घाला. (हो, हा "शेवटी" खरोखरच शेवटी.)

कॉर्नफ्लोअरनं दाट करणं

कृपा करून नको. चणे मऊ झाल्यावर कुकर उघडून सोफ्रितो, चोरीसो, बटाट्याचे मोठे तुकडे आणि पाव किलो लाल भोपळा घालायचा, झाकण अर्धवट ठेवून पस्तीस-चाळीस मिनिटं मंद आच. भोपळा निम्मा विरघळतो, त्यासाठीच तो असतो. तरीही पातळ वाटलं तर डावभर चणे काढून चमच्यानं चेचून परत घाला. रस असा दाट झाला की क्युबन लोक पोताहे 'कुआहादो' झाला म्हणतात, आपण दही लागलं म्हणतो तसं. पाणी वाढवायची वेळ आली तर उकळतं घाला. गार पाण्यानं चणे रुसतात असं आजींचं म्हणणं होतं. खरं-खोटं मी तपासायला गेले नाही, किटली गॅसवर ठेवते.

लगेच वाढणं

शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही. गॅस बंद केल्यावर किमान अर्धा तास झाकून ठेवा. खरं तर आदल्या दिवशी करा. क्युबात रात्रभर मुरलेल्या काळ्या घेवड्याला 'फ्रिहोलेस दोर्मिदोस' म्हणतात, झोपलेला घेवडा. चण्यांनाही झोप मानवते. स्टार्च रसात उतरतो, भोपळा आणि चरबी एकजीव होतात. फ्रीजमधून काढल्यावर खळ झालेली दिसेल, घाबरू नका, अर्धी वाटी गरम पाणी पुरतं.

सोबत पांढरा मोकळा भात. बासमती नको, त्याचा वास मध्ये येतो. मी कोलम घेते, तेलात लसणाची एक पाकळी परतून मीठ घालून शिजवते. पोळी नको, लिंबू नको, कच्चा कांदा नको. कोथिंबिरीवरून मात्र मी आता भांडत नाही, कारण काही क्युबन घरांत कुलांत्रो नावाची तिची लांब पानांची बहीण घालतात. पिकलेली राजेळी केळी मिळाली तर तिरक्या जाड चकत्या करून तेलात तांबूस तळा. हायलियात या चकत्यांशिवाय ताट पुढे येत नसे, आणि आजी शेवटची चकती कुणालाही न विचारता स्वतः उचलायच्या.