नूतनीकरणाच्या ईमेलचा भडिमार कसा आवरावा

एखाद्या ऑनलाइन सेवेची किंवा वेबसाइटच्या नावाची मुदत संपायला अजून दोन महिने असतात आणि इकडे रोज एक ईमेल येऊन पडतो: 'शेवटची संधी!' वैतागून त्याला स्पॅममध्ये ढकलू नका. तसं केलंत की त्याच कंपनीचा 'पैसे भरले गेले नाहीत' हा खरा कामाचा निरोपही तिकडेच जाऊ शकतो.

आधी खात्यात लॉगिन करून नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाहिराती आणि ऑफर बंद करा. ईमेलच्या तळाशी असलेलं 'अनसबस्क्राइब' बहुधा तेवढंच थांबवतं. बिलाच्या सूचना येतच राहतात. डोमेनच्या (म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या) बाबतीत तर डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचा, विक्रेत्या कंपन्यांसाठी नियमच आहे: मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा, शिवाय मुदत संपल्यावर 5 दिवसांत, अशा सूचना पाठवाव्याच लागतात. म्हणजे तीन ईमेल नियमाचे, उरलेले विक्री खात्याच्या उत्साहाचे!

त्यांच्यासाठी जीमेलमध्ये फिल्टर लावा. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि विषयातला 'रिन्यू' हा शब्द (ईमेलमध्ये असेल त्याच स्पेलिंगने) टाका, 'स्किप द इनबॉक्स' निवडा आणि वेगळं लेबल द्या. 'डिलीट' मात्र निवडू नका. मुदतीची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये 15 दिवस आधीच्या गजरासह नोंदवून ठेवा.

सेवा नकोच असेल, तर ऑटो-रिन्यू (आपोआप होणारं नूतनीकरण) बंद करा. नुसतं कार्ड काढून टाकलंत तर 'कार्ड अपडेट करा' ही नवी मालिका सुरू होते.

आणि पैसे भरताना ईमेलमधली लिंक दाबू नका, वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. या गर्दीत खोटे ईमेल बेमालूम मिसळतात.