वेताच्या तलवारींच्या मैदानावर मार्शलने काय काय पाहावे

१९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ अर्थात एससीए या संस्थेच्या मैदानांवर मध्ययुगीन युरोपातील चिलखती द्वंद्वे आणि समूहलढाया आजही खेळल्या जातात. अंगावरचे चिलखत खरे असते, शिरस्त्राण पोलादी असते, फटकाही खराखुरा बसतो आणि निकाल आधी ठरलेला नसतो; तलवार तेवढी वेताची असते. अशा खेळात दिवस मावळताना सगळे धडधाकट घरी परतावेत म्हणून जे स्वयंसेवक मैदानावर उभे असतात, त्यांना मार्शल म्हणतात. अमेरिकेत राहणारे काही मराठी खेळाडूही या खेळाकडे वळू लागले आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना एखादा हंगाम खेळून झाल्यावर मार्शलचे काम शिकावेसे वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपण लहानपणापासून कुस्तीचे फड पाहिलेले असतात, त्यामुळे मैदानावर अधिकाराची काठी घेतलेला माणूस दिसला की तो गुण देणारा पंच असणार, असे आपण धरून चालतो. एससीएच्या चिलखती लढतीत तसे नाही. फटका पुरेसा जोरदार होता की नाही, हे ज्याला तो लागला तोच ठरवतो. प्रत्येक लढवय्याने प्रत्यक्षात काहीही घातलेले असो, त्याच्या अंगावर कड्यांचे चिलखत आणि त्याखाली जाड गादीचा अंगरखा आहे, आणि डोक्यावर नाकपट्टीचे उघड्या चेहऱ्याचे लोखंडी शिरस्त्राण आहे, असे मानायचे असते. ते भेदून गेला असता असा फटका बसला की त्याने स्वतःहून हार मान्य करायची असते. हाताला लागला तर तो हात गेला, मांडीला लागला तर गुडघ्यावर बसून लढायचे. गुडघ्याच्या वर एक इंच ही खालची मर्यादा असून तिच्याखाली मारण्यास मनाई आहे. मनगट आणि पंजा यांनाही लक्ष्य करायचे नसते. निकालाचा भार अशा रीतीने लढवय्याच्या प्रामाणिकपणावर टाकलेला असल्यामुळे मार्शलची नजर एकाच कामासाठी मोकळी राहते, आणि ते काम म्हणजे सुरक्षितता. मार्शलने कोण जिंकतो आहे हे पाहण्यात मन गुंतवू नये. हे सांगायला सोपे असले तरी चुरशीच्या लढतीत पाळायला अतिशय अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

अधिकाराची साखळी थोडक्यात अशी आहे: संपूर्ण संस्थेसाठी एक सोसायटी अर्ल मार्शल, प्रत्येक ‘राज्या’साठी (संस्थेने आपल्या प्रादेशिक विभागांना ‘राज्य’ असे नाव दिले आहे) एक राज्य अर्ल मार्शल, त्याखाली स्थानिक गटांचे मार्शल, आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी त्या दिवसाचा मुख्य मार्शल. संस्थेचे नियम हा सर्वांसाठीचा किमान पाया आहे. एखादे राज्य त्याहून कडक नियम करू शकते, सैल करू शकत नाही. म्हणून दुसऱ्या राज्याच्या मेळाव्यात मदतीला जाताना तेथील नियमपुस्तिका आधी वाचून जावी. हलक्या पोलादी पात्यांची तलवारबाजी आणि धनुर्विद्या यांचे मार्शल वेगळे असतात, आणि एका प्रकाराचा परवाना दुसऱ्या प्रकारात चालत नाही.

चिलखताची तपासणी

दिवसाचे सर्वात महत्त्वाचे काम पहिली लढत सुरू होण्यापूर्वीच आटोपते. प्रत्येक लढवय्याच्या संपूर्ण सामग्रीची तपासणी झाल्याशिवाय त्याला मैदानात सोडायचे नसते. या तपासणीत डोळ्यांपेक्षा हातांवर अधिक विश्वास ठेवावा. चकचकीत घासलेले शिरस्त्राण पाहून समाधान मानणारा मार्शल अर्धेच काम करतो.

शिरस्त्राण पोलादाचे असेल तर पत्रा किमान १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा असावा लागतो. चेहऱ्यावरच्या जाळीतून एक इंच व्यासाची दांडी आत जाता कामा नये. म्हणून तेवढ्या जाडीचा लाकडी दांडा खिशात ठेवावा आणि तो जाळीच्या प्रत्येक फटीशी लावून पाहावा, केवळ अंदाज बांधू नये. मान सरळ ठेवली असता जाळी हनुवटी आणि जबड्याच्या खाली किमान एक इंच उतरलेली असली पाहिजे. त्यानंतर शिरस्त्राण उलटे धरून आत पाहावे. आतील गादी किमान अर्धा इंच जाडीच्या, पाणी न शोषणाऱ्या फोमची किंवा तितकाच धक्का शोषणाऱ्या अन्य साहित्याची हवी. घाम आणि उष्णता यांनी फोम वर्षा-दोन वर्षांत दबून पातळ होतो, आणि हे मालकाच्या लक्षात येत नाही, कारण बदल हळूहळू झालेला असतो. अंगठ्याने दाबून पाहावे. बोट थेट पत्र्याला लागल्यासारखे वाटले तर गादी बदलल्याशिवाय परवानगी देऊ नये. जाळीच्या सळया जेथे जोडलेल्या असतात त्या प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर बोटाला लागते, आणि आत वळलेली टोकदार कडही बोटालाच प्रथम समजते.

आता शिरस्त्राण लढवय्याला घालायला सांगावे, पट्टा बांधून घ्यावा, आणि त्याची परवानगी विचारून जाळी पकडून ते वर, खाली आणि दोन्ही बाजूंना ओढून पाहावे. ही पायरी कधीही गाळू नये. काही वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्यासमोर अतिशय अनुभवी खेळाडू उभा होता. त्याची सामग्री मी यापूर्वी अनेकदा तपासली होती आणि त्याच्यामागे पंधरा-वीस जण खोळंबले होते. नुसती मान हलवून त्याला पुढे पाठवण्याचा मोह मला झाला. तरी सवयीने मी जाळीला धरून ओढ दिली, आणि हनुवटीच्या पट्ट्याचा रिव्हेट तुटून माझ्या तळहातावर पडला. चामडे आतून कुजलेले होते. तो माणूस काही क्षण त्या गंजलेल्या तुकड्याकडे पाहत राहिला आणि मग काही न बोलता शिरस्त्राण काढून दुरुस्तीला बसला. तेव्हापासून मी रांग कितीही मोठी असली तरी हात आखडता घेत नाही.

डोक्यानंतर मान. मानेचे मणके आणि कंठ हे दोन्ही भाग झाकलेले आहेत की नाहीत, हे लढवय्याला मान वर करायला, वाकवायला आणि दोन्हीकडे वळवायला सांगून तपासावे, कारण स्थिर उभ्या माणसाचे गळापट्ट नेहमीच बरोबर बसलेले दिसते. त्याचप्रमाणे कोपर आणि गुडघे वाकवायला सांगावेत. तेथील कठीण कवचाखाली किमान पाव इंच फोम असतो, आणि सांधा वाकला की कवच घसरून बाजूला सरकते का, हे पाहायचे असते. मूत्रपिंडांवरचे संरक्षण अनेक नवखे लढवय्ये पोटाच्या उंचीवर बांधतात. ते पाठीमागे, शेवटच्या बरगड्यांच्या पातळीवर यायला हवे. जांघेच्या संरक्षणाची तपासणी विचारूनच करावी, हात लावून नव्हे. पंजांसाठी एकतर लोखंडी हातमोजे हवेत किंवा तलवारीच्या मुठीवर पिंजऱ्यासारखी जाळी हवी.

शस्त्रे

वेत का, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. बांबू पोकळ असतो आणि तुटला की त्याची धारदार चिपाटे उडतात. वेत आतून भरीव असतो. मार खाऊन तो झिजतो तेव्हा त्याचे लांब तंतू सुटत जाऊन टोकाला जुन्या कुंचल्यासारखे पिंजारतात, आणि म्हणून मोडण्यापूर्वी तो सूचना देतो. आपल्या पिढीने शाळेत खाल्लेला वेत बारीक होता. येथे दांडीचा व्यास किमान सव्वा इंच असावा लागतो आणि ती पूर्ण लांबीभर मजबूत चिकटपट्टीने गुंडाळलेली असते. मार्शलने दांडी दोन्ही हातांत धरून थोडी वाकवावी आणि कान देऊन ऐकावे. चरचर आवाज आला, किंवा चिकटपट्टीखाली एखादी जागा पिकलेल्या फळासारखी मऊ लागली, तर ते शस्त्र त्या दिवसापुरते बाद. खुपसण्याचे टोक असलेल्या शस्त्राचे टोक अंगठ्याने दाबावे. ते हळूहळू दबले पाहिजे, आणि आतले लाकूड अंगठ्याला टोचता कामा नये. शस्त्राचा कोणताही भाग नियमानुसार बनवलेल्या शिरस्त्राणाच्या जाळीतून अर्ध्या इंचाहून अधिक आत जाऊ नये, आणि यात मुठीचा मागचा गोळाही आला. तो बहुतेक जण विसरतात. दोन्ही हातांनी धरायची परशूसारखी शस्त्रे साडेसात फुटांपर्यंत, भाले बारा फुटांपर्यंत. मोजपट्टी जवळ ठेवावी. तलवारीची धार कोणत्या बाजूला आहे हे वेगळ्या रंगाच्या पट्टीने दाखवलेले असावे.

मैदानावर उभे असताना

मैदान आखण्यापूर्वी ते स्वतः चालून पाहावे. गवतात लपलेले खड्डे, तंबूंच्या दोऱ्या, झाडांची मुळे, पाण्याच्या नळाचे वर आलेले टोक यांची नोंद घ्यावी. जे बुजवता येईल ते बुजवावे आणि जे हलवता येत नाही त्याच्यापासून दोरी लांब बांधावी. चेहऱ्यावर जाळी असलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे सतत लक्षात ठेवावे.

मार्शलकडे काठी असते, अनेक ठिकाणी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. ती ओळखीची खूण आहेच, पण तिचा खरा उपयोग प्रेक्षकांच्या दिशेने ढकलत येणाऱ्या लढवय्यासमोर आडवी धरण्यासाठी आहे. दोन लढवय्यांच्या मध्ये ती कधीही घालू नये. द्वंद्वात मार्शलने लढवय्यांबरोबर फिरत राहावे, आणि दोन मार्शल असतील तर ते एकमेकांच्या समोरासमोर असावेत, म्हणजे एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. प्रेक्षकांमधील लहान मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. ती दोरीखालून कधी आत येतात हे आईवडिलांनाही कळत नाही.

सर्वात महत्त्वाचा शब्द ‘होल्ड’. तो कानावर पडताच प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचे असते, आणि अनेक राज्यांत समूहलढाईत गुडघ्यावरही बसायचे असते. हा शब्द उच्चारण्याचा अधिकार फक्त मार्शलला नाही. लढवय्या, प्रेक्षक, पाणी वाटणारा, कोणीही तो देऊ शकतो. नवख्या मार्शलला नेहमी शंका येते की उगाच खेळ थांबवला तर लोक नाराज होतील. सुटलेला पट्टा, सरकलेले शिरस्त्राण, तुटलेले शस्त्र, दोरीपाशी आलेली झुंबड, खाली पडून न उठणारा माणूस, यांपैकी काहीही दिसले तर विचार करत बसू नये, पोटातून आवाज काढून होल्ड द्यावा आणि हात वर करावा. होल्ड चालू असताना कोणीही शिरस्त्राण काढू नये, आणि सर्वत्र पाहून झाल्यावर मुख्य मार्शलने ‘ले ऑन’, म्हणजे ‘लढा’, म्हटल्याशिवाय एकही फटका मारला जाऊ नये.

समूहलढाई हा वेगळाच विषय आहे. १९७२ साली सुरू झालेला ‘पेनसिक वॉर’ हा मेळावा आता पश्चिम पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळच्या कूपर्स लेक येथील तळावर भरतो, आणि जुलैअखेर ते ऑगस्ट या काळात तेथे दहा हजारांच्या आसपास लोक जमतात. त्यातील गवताच्या गाठोड्यांनी आखलेल्या पुलावरच्या लढाईत मार्शलने शस्त्रांपेक्षा पायांकडे पाहावे. मागचे लोक ढाली लावून रेटतात, पुढच्यांना मागे सरकायला जागा उरत नाही, आणि एखादा पडला की त्याच्यावर चौघे कोसळतात. ढालींची रांग एका बाजूला तिरकी झुकू लागली की कोणी पडण्याची वाट न पाहता होल्ड द्यावा. रानातील लढाईत दृष्टी अडते, म्हणून मार्शलनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहावे.

ऑगस्टचे ऊन आणि अंगावर पोलाद यांचा परिणाम कोकणातल्या उकाड्यात वाढलेल्या माणसालाही जाणवल्याशिवाय राहत नाही. दोन लढतींच्या मध्ये लढवय्याशी मुद्दाम बोलावे. पाय लटपटणे, उत्तर असंबद्ध येणे, प्रश्न पुन्हा विचारावा लागणे ही चिन्हे दिसली तर त्याला सावलीत बसवावे, शिरस्त्राण आणि चिलखत उतरवून अंग गार करावे, आणि शुद्धीत असेल तरच घोट घोट पाणी द्यावे. बोलणे गोंधळलेलेच राहिले तर ताबडतोब ९११ ला फोन करावा. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असलेल्या माणसाला हलवू नये, त्याचे शिरस्त्राणही स्वतः ओढून काढू नये. तेथेच इतरांना मागे सारून वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याच्याजवळ बोलत थांबावे.

रागाने मारणाऱ्याला, जाणूनबुजून अतिरेकी जोर लावणाऱ्याला किंवा प्रतिकार करू न शकणाऱ्यावर हात उचलणाऱ्याला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार मार्शलला आहे, आणि तो त्याने वापरलाच पाहिजे. बोलताना चारचौघांत अपमान करू नये, बाजूला नेऊन शांतपणे सांगावे. फटके न मानणाऱ्याबाबत मात्र ‘तो फटका तुम्हाला कसा वाटला?’ एवढा प्रश्न विचारणेही बहुधा पुरते. मित्राची तपासणी किंवा मित्राशी झालेला वाद शक्यतो दुसऱ्या मार्शलकडे सोपवावा.

दुखापत, तक्रार, बाद केलेली सामग्री यांची नोंद त्याच दिवशी लिहावी, कारण रात्रीच्या जेवणानंतर तपशील पुसट होतात. वेळ, ठिकाण, कोणी काय पाहिले एवढेच लिहावे, दोष कोणाचा हे लिहू नये, आणि ती नोंद वरिष्ठ मार्शलकडे विनाविलंब पाठवावी. मग काठी घेऊन रिकाम्या मैदानावरून एक फेरी मारावी. गवतात पडलेले रिव्हेट, चिकटपट्टीचे तुकडे आणि वेताच्या ढलप्या वेचून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी याच गवतावर मुले अनवाणी खेळतात.