ओट्याखाली फिरतं रॅक बसवून राहिले? मग या चुका टाळा

आता गावातही ओट्याखाली शटर लावून घेऊन राहिले लोकं. ओटा एल आकाराचा असला की शटर लागल्याबरोबर पहिली अडचण येते ती कोपऱ्याची. हात पोचत नाही, वाकून पाहावं तर अंधार, आणि मागं ठेवलेला बेसनाचा डबा थेट पोळ्याच्या साफसफाईलाच सापडते. मंग मोबाईलवर व्हिडिओ दिसते की शटर उघडलं आणि गोल ट्रे गरगर फिरत समोर आला, तालुक्याला चक्कर झाली की एक घेऊन येतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच ट्रे सज्ज्यावर टाकलेला असते.

वस्तू चांगली आहे, मी कोणालाही घेऊ नका म्हणणार नाही. पण ती बनवली आहे प्लायच्या सरळ कपाटासाठी. आपल्याकडं कडप्प्याचा ओटा, भिंती काटकोनात असतीलच याचा भरवसा नाही, आणि सामान भरायचं ते वर्षभराच्या हिशोबानं. त्यामुळं आपण दोनच गोष्टीत चुकतो, मापात आणि वजनात. बाकीच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

माप आतलं घेतलं, तोंडाचं घेतलंच नाही

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. आत टेप लावला, २० इंच भरलं, म्हणून १८ चा ट्रे आणला. आणि घरी आल्यावर तो आतच जात नाही. काहून? तर कडप्प्याच्या ओट्याला शटर बसवताना समोरून ॲल्युमिनियमची चौकट ठोकलेली असते, ती दोन्ही बाजूनं जागा खाते. वरून बिजागरी आतमध्ये निघालेली, आणि शटर पूर्ण उघडलं तरी त्याची जाडी थोडीफार तोंडातच राहते. म्हणून माप शटर उघडं ठेवून, बिजागरीपासून समोरच्या चौकटीपर्यंत घ्या, आणि आतलं माप वेगळं घ्या. आतलंही एका जागी टेप लावून भागत नाही. समोर, मधात आणि पार मागं, खाली आणि वर, सगळीकडं घ्या आणि त्यातलं सगळ्यात कमी भरेल ते धरा, कारण प्लास्टरला कुठं ना कुठं फुगवटा असतेच. त्या कमी मापातून आणखी २ इंच वजा करा, म्हणजे दोन्ही बाजूनं इंच इंच मोकळं राहते, तेवढ्या मापाचा ट्रे आत फिरते. आणि तो तोंडातून आत जातो का ते तोंडाच्या मापावरून पाहा.

कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला मिस्त्रीचा गोनिया नसला तरी चालते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३० सेंटिमीटरला खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४० ला, आणि दोन खुणांमधलं तिरपं अंतर मोजा. बरोबर ५० भरलं तर काटकोन आहे. कमी भरलं तर कोपरा आवळलेला आहे, ट्रे मागं अडकणार, तेव्हा लहान साईजच घ्या.

याच्याहून सोपं म्हणजे पुठ्ठा. किराण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, मधात खिळा टोचून दोरा-पेन्सिलनं ट्रेच्या मापाचा गोल काढा, कापा, कपाटात ठेवा आणि बोटानं फिरवून पाहा. मंग त्याच्यावर घरातले खरे डबे मांडा, सगळ्यात मोठा डबा कडेला ठेवा आणि पुन्हा फिरवा, शटरही लावून पाहा. डबा कडेच्या बाहेर आलेला असला तर तो कुठं आपटते ते तिथंच दिसते. फुकटातलं काम आहे, अर्धा तास लागते, पण दुकानात परत चकरा मारणं वाचते.

चौकोनी डब्यांचं तर नक्की पाहा. १२ इंचाच्या गोल ट्रेवर चौकोन बसवायचा म्हटलं तर साडेआठ इंचाच्या वर बसत नाही, त्याच्या वर गेला की चारही कोपरे बाहेर. उलट ३ इंच रुंदीच्या गोल बरण्या त्याच ट्रेवर कडेनं ९ आणि मधात २ आरामात बसतात. ट्रे घ्यायच्या आधी बरण्या कशा आहेत ते पाहा.

सरळ कपाटात गोल ट्रे

चौकोनी जागेत गोल ठेवला की चार कोपरे रिकामे जातातच. हिशोबानं १०० मधली २१ जागा वाया. कोपऱ्यात हे चालते, कारण ती जागा तशीही हाताला येत नव्हती. पण भिंतीतल्या फडताळात, जिथं मागच्या डब्यापर्यंत हात सहज जातो, तिथं ट्रे बसवणं म्हणजे चांगली जागा घालवणं. तिथं डबे ओळीनं लावा, उंच मागं आणि बुटके समोर, ट्रेची गरजच नाही.

उभा कडप्पा काढायचा नाही म्हणजे नाही

हे जरा थांबून वाचा. कोपऱ्यात बसणारे मोठे रॅक, खालपासून वरपर्यंत खांब आणि त्याला दोन गोल टोपल्या असे, त्याला कोपरा पूर्ण मोकळा लागते. आपल्या ओट्याला नेमका कोपऱ्यात उभा कडप्पा असते. बसवणारा म्हणते, हा दगड कापून टाकू, मस्त जागा होईल. त्याला सरळ नाही म्हणा. वरचा अख्खा ओटा, त्याच्यावरचा गॅस, पाण्याचा गुंड, मिक्सर, पाटा, सगळं त्या उभ्या दगडांवर उभं आहे. एक काढला की वरचा दगड मधात अधांतरी राहते आणि कधीतरी तडकते. काढायचाच असला तर आधी गवंड्याला दाखवा, तो दुसरा आधार देत असेल तरच.

माझं मत विचाराल तर कडप्प्याच्या ओट्याखाली सुटा ट्रे बरा. खाली बेअरिंगची चकती, वर ताट, ठेवला की झालं, छिद्र पाडायचं काम नाही. खालून चिकटणारे रबरी कप असलेला मात्र घेऊ नका, आतल्या बाजूला कडप्पा पॉलिश केलेला नसते, खरबरीत दगडावर तो कप धरत नाही. १८ एमएमच्या प्लायचा तुकडा खाली ठेवून त्याच्यावर बेअरिंग स्क्रूनं कसा, तो हलत नाही. तो प्लाय वॉटरप्रूफ घ्या, त्याच्यावर आयएस ७१० चा (ओलीत टिकणाऱ्या प्लायचा सरकारी नंबर) शिक्का असते तो पाहून. भुश्श्याच्या बोर्डाला पावसाळ्यात ओल लागली की तो फुगते आणि स्क्रू सुटतात.

वजन

आपल्या घरात तुरीची दाळ पोत्यानं येते, भिवापुरी मिरची वर्षाची एकदाच कुटून ठेवतात, तेलाचा पिपा १५ किलोचा. हे ट्रेवर ठेवायचं सामानच नाही. खोक्यावर लिहिलेलं असते की इतके किलो चालते, पण ते वजन सगळीकडं सारखं पसरलेलं धरून. पिपा एका कडेला ठेवला की ट्रे तिकडं झुकते, बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच बाजूनं घासतात, आणि मंग कर्रर्र आवाज सुरू. वर्षाची साठवण कोठीत नाहीतर खाली पाटावर, आणि ट्रेवर फक्त महिन्याचं काढलेलं. तिखट, हळद, जिरं-मोहरी, धनेपूड, जवसाची चटणी, तीळ, खसखस, चहा-साखर. रोज लागते ते आणि एका हातानं उचलता येते ते, इतकंच.

मांडताना जड बरणी मधात, हलक्या कडेनं, आणि समोरासमोर वजन सारखं. लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवायचीच असेल तर खाली ताटली द्या, नाहीतर तेल झिरपत बेअरिंगमध्ये जाते. कड नसलेला सपाट ट्रे घेऊच नका. जोरात फिरवला की काचेची बाटली मागं घसरते, आणि कोपऱ्यातली काच वेचायला लय त्रास होते, घरात लेकरं असली तर जास्तच.

बेअरिंगची चकतीही पाहून घ्या. १६ इंचाचा ट्रे आणि खाली ४ इंचाची चकती असली की तो डुगडुगणारच. चकती ट्रेच्या निम्म्याच्या आसपास तरी असावी.

कुठं बसवू नये

सिलेंडर ठेवता त्या खणात नाही. नळी ट्रेला अडकून ओढल्या जाते, आणि गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळती झाली तर खालीच साचते, तो खण मोकळा आणि हवेशीर पाहिजे. सिंकखाली पण नाही, तिथं पाईप असते आणि ओल असते.

बसवलं, पण त्रास देऊन राहिलं

ट्रे आपोआप फिरून एकाच जागी येऊन थांबते, तर समजा खालचा दगड लेव्हलला नाही. ट्रे उचला, दगडावर पोराची गोटी ठेवा, ती जिकडं पळेल तिकडं उतार. त्या बाजूनं ट्रेखालच्या प्लायला पातळ पट्टी लावा. खांबवाल्या रॅकमध्ये असं झालं तर खांब ओळंब्यात नाही. तो जात्याच्या खुंट्यासारखा अगदी सरळ उभा पाहिजे, वरचा स्क्रू सैल करून ओळंबा लावा आणि परत कसा.

खांबावरची टोपली हळूहळू खाली सरकते, तर तिच्या गळ्याला बारका स्क्रू असते, तो सैल झाला. एल आकाराच्या चावीनं घट्ट होते, आणि ती चावी पाकिटातच येते, फेकू नका.

फिरताना करकर करते, तर सत्तर टक्के वेळा असं धरा की आत बेसन, साखर नाहीतर मीठ गेलं आहे, हा आपला अंदाज आहे पण सहसा चुकत नाही. इथं सगळे एकच करतात, फल्लीचं तेल सोडतात दोन थेंब. शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "तेल टाकलं वो, तरी काहून अडकून राहिलं हे?" अडकणारच. खायचं तेल काही दिवसांत चिकट होते, त्याच्यावर पीठ बसते, मुंग्या येतात, आणि आधीपेक्षा जास्त जाम होते. ट्रे काढा, कोरड्या दातघासणीनं झाडा, कापडानं पुसा, मंग शिलाई मशीनचं तेल एखादा थेंब. प्लास्टिकचं बेअरिंग असलं तर सिलिकॉन स्प्रे मारा. पाण्यानं धुतलं तर उन्हात पूर्ण वाळवूनच परत बसवा.

जंग चढणं ही पावसाळ्यातली तक्रार. लोखंडी तारेवर चकचकीत मुलामा दिलेल्या टोपल्या ओलीत टिकत नाहीत, वेल्डिंगच्या जागेपासून जंग सुरू होते. स्टीलची घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवते की पाहा चिकटत नाही, म्हणजे ३०४ नंबरचं, लवकर जंग न लागणारं स्टील आहे. तेवढ्यावर जाऊ नका, २०२ नंबरचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि जंग मात्र त्याला लवकर लागते. बिलावर नंबर लिहून मागा.

शटरलाच जोडलेला, शटरसोबतच फिरणारा पाऊण गोल ट्रे असला आणि शटर बंद झाल्यावर अर्धा इंच बाहेरच राहते, तर खालच्या बुडाशी जी खाच असते, जिथं तो टक् करून थांबते, तिचे स्क्रू ढिले करून थोडं फिरवा आणि पुन्हा कसा. त्याआधी एकदा पाहून घ्या की मागं कोणता डबा तर अडला नाही.

उन्हाळ्यात इकडं पारा ४५ च्या पुढं जाते आणि ओट्याखाली गॅसची धग वेगळीच. ट्रेवर घसरू नये म्हणून जी रबरी चटई डिंकानं चिकटवलेली येते तिचा डिंक अशा वेळी सुटते आणि डबे चटईसकट सरकतात. डिंकवाली काढून टाका, सुटी जाळीची चटई मापानं कापून अंथरा, ती धुताही येते.

आणि महिन्यातून एकदा अख्खा ट्रे उचलून मागं झाडू मारा. उंदीर आणि झुरळ त्याच कोपऱ्यात घर करतात, आणि डबे फिरून समोर येत असल्यामुळं मागं कोणी पाहातच नाही. म्हणूनच ट्रे असा घ्या की भरलेला नाही, पण रिकामा केल्यावर घरातली बाई एकटीनं उचलू शकेल.