मद्याच्या दंतकथा सांगा, पण ओतताना या चुका टाळा

मद्याभोवती जितक्या कथा आणि विनोद जमले आहेत तितके दुसऱ्या कुठल्या पेयाभोवती क्वचितच सापडतील. त्या मैफलीत सांगाव्यात, रंगवूनही सांगाव्यात. बिघडतं ते कथेवर विसंबून बाटली उघडली की. कुणाचा डोळा थोडक्यात वाचतो, कुणाची जुनी वाईन तासाभरात मरते, कुणी विझलेली वर्मूथ (वनस्पतींनी सुवासिक केलेली वाईन) महिनोन्महिने वापरत राहतं. आमचा नियम साधा आहे: प्रथेमागचं कारण शोधायचं, ते आजही लागू असेल तर प्रथा पाळायची, नसेल तर तिचा फक्त किस्सा सांगायचा.

शॅम्पेन: सगळ्यात जास्त कथा, सगळ्यात जास्त अपघात

'लवकर या, मी तारे चाखतोय!' हे उद्गार डॉम पेरिन्यों या धर्मगुरूच्या तोंडी घातले जातात. ते १७१५ मध्ये वारले. हे वाक्य मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जाहिरातींतून पसरलं. उलट वाईनमध्ये बुडबुडे येऊ नयेत म्हणूनच ते धडपडत होते. साखर घालून वाईन फेसाळ करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडली होती.

या कथेने कुणाचं नुकसान होत नाही. 'बूच उडालं नाही तर सण कसला' या समजुतीने मात्र होतं. बाटलीत ५ ते ६ अॅटमॉस्फिअर दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. सुटलेलं बूच डोळा फोडू शकतं, आणि त्याच धडाक्यात बराच वायू निघून जाऊन वाईन मेजावर सांडते. उघडण्याची रीत अशी:

१. बाटली ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करा. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घातलं की अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण तुकड्यांमधली हवा उष्णता नीट ओढून घेत नाही.
२. बाटली ४५ अंशात तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर.
३. बुचावर अंगठा दाबून तारेचा पीळ सोडा, साधारण सहा अर्धे वळसे. तार सैल झाली तरी काढू नका. तिच्यासकट बूच पकडलं की हात घसरत नाही. या क्षणापासून अंगठा उचलायचा नाही.
४. बूच स्थिर धरून बाटली फिरवा. बूच वर येऊ लागलं की त्याला खाली दाबून धरा. 'फुस्स' इतकाच आवाज यायला हवा.

तरीही फेस उसळला तर बाटली पुरेशी थंड नव्हती किंवा हलली होती. फ्रीजरमध्ये विसरणं ही याहून मोठी चूक. वाईन उणे ६ अंशांच्या आसपास गोठायला लागते, प्रसरण पावते आणि बाटली फुटते.

ग्लासात बुडबुडेच दिसत नसतील तर लगेच वाईनला दोष देऊ नका. बुडबुड्यांच्या माळा काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंवर आणि धुळीच्या कणांवर तयार होतात. ग्लासवर साबणाचा थर राहिला असेल तर फेस मरतो. गरम पाण्याने नीट खळबळून सुती कापडाने पुसा. कापडाचे न दिसणारे धागे काम करतात. ओततानाही ग्लास तिरका धरून कडेने ओता. अशाने वायू जास्त टिकतो हे जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने २०१० मध्ये मोजून दाखवलं.

उघड्या बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा ठेवला की बुडबुडे टिकतात, हा समज फार चिवट आहे. १९९४ मध्ये स्टॅनफर्डचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेअर यांनी चाचणी घेतली. चमच्याने काहीच फरक पडला नाही. समज टिकून आहे कारण थंड द्रव वायू तसाही धरून ठेवतो, आणि श्रेय चमच्याला मिळतं. शॅम्पेनसाठीचं पकडीचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, एक-दोन दिवस चांगली राहते.

तलवारीने मान उडवण्याचा प्रकार नेपोलियनच्या घोडदळाच्या नावावर सांगतात. त्यात काच कापली जात नाही. बाटलीच्या उभ्या सांध्यावरून पातं सरकवून ओठाच्या कड्याला धक्का दिला की आतला दाबच मान उडवतो. कोमट किंवा ओरखडा पडलेली बाटली यात हातातच फुटू शकते. घरच्या मेजवानीत हे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाईन: 'श्वास घेऊ द्या' म्हणजे नेमकं काय

नुसतं बूच काढून बाटली तासभर ठेवली तर जवळजवळ काहीच घडत नाही. हवेला लागतो तो दोनेक सेंटिमीटर रुंदीचा पृष्ठभाग. तरुण, तोंड आवळणारी रेड वाईन खरोखर मोकळी करायची असेल तर रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, म्हणजे डिकँटरमध्ये ओता आणि एक-दोन तास द्या.

वीस-तीस वर्षं जुन्या वाईनबाबत नेमकं उलटं. तिला हवा द्यायची नसते, फक्त गाळ वेगळा करायचा असतो. बाटली किमान २४ तास आधी उभी करा. मानेखाली टॉर्च धरा आणि एकाच संथ धारेत ओता, मध्ये बाटली सरळ केली तर गाळ ढवळला जातो. गाळाची रेघ खांद्याशी आली की थांबा. तळाची ५० मिलिलिटर गेली तरी चालेल. हे सगळं वाढण्याच्या तोंडावर करा, कारण अशा वाईनचा सुगंध कधी कधी अर्ध्या तासात विरतो.

याच संदर्भात इंग्रजांची एक सुरेख रीत आहे. पोर्ट या पोर्तुगालच्या गोड, तीव्र वाईनचा डिकँटर मेजावर डावीकडे सरकत राहायला हवा आणि तो मागायचा नसतो. कुणी अडवून बसलं तर त्याला विचारतात, 'तुम्ही नॉरिचच्या बिशपना ओळखता का?' तो 'नाही' म्हणाला की उत्तर येतं, 'फार भला माणूस, पण पोर्ट पुढे सरकवायला नेहमी विसरतो.' गोल बुडाचा 'हॉगिट' डिकँटरही यासाठीच असतो. लाकडी बैठकीवर परत नेल्याशिवाय तो खाली ठेवताच येत नाही. ही प्रथा पाळावी. उघडलेली व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवसांत फिकी पडते, म्हणून ती त्याच बैठकीत सर्वांपर्यंत पोहोचणं बरं. टॉनी पोर्ट पिंपात आधीच हवा खाऊन मुरलेली असते, ती फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते.

'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम ज्या काळात बनला तेव्हाच्या युरोपी घरांत खोली म्हणजे १६ ते १८ अंश. खोली २८ अंशांवर असेल तर त्या वाईनमध्ये आधी अल्कोहोलची वाफच नाकात जाते. वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हलकी रेड १२ ते १४ अंशांवर अधिक खुलते. व्हाइट वाईन फ्रीजमधून थेट ४ अंशांवर आली तर तिला वासच नसतो, म्हणून १५-२० मिनिटं आधी बाहेर काढा.

बूच हुंगून मान डोलवणं सोडा. पाहुण्याला बूच दाखवायची प्रथा त्यावरचा छाप आणि लेबल जुळतं का हे पाहण्यापुरती आहे. बुचाचा दोष ज्या संयुगामुळे येतो ते टीसीए एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी जाणवतं, पण जाणवतं ते ग्लासातल्या वाईनमध्ये: ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास, आणि फळाची चव गायब. पहिला घोट दिला जातो तो हा दोष पकडण्यासाठी, वाईन आवडली का हे सांगण्यासाठी नाही. दोष असेल तर बाटली निःसंकोच परत करा. वाट पाहून तो जात नाही.

बूच तुटलं तर उरलेल्या भागात स्क्रू थोडा तिरका घालून हळूहळू ओढा. जमलं नाही तर आत ढकला आणि पाण्याने धुतलेल्या कॉफी फिल्टरमधून गाळून घ्या. वाईनला काही होत नाही.

ग्लासच्या कडेने ओघळणारे 'अश्रू' पाहून दर्जा ओळखणाऱ्यांना सांगा, की याचं कारण जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच सांगितलं होतं. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, उरलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, द्रव वर खेचला जातो आणि थेंब होऊन ओघळतो. ठळक अश्रू म्हणजे जास्त अल्कोहोल, इतकंच.

व्हिस्की: 'पाणी घालणं म्हणजे अपमान'

हा अपमान व्हिस्की बनवणारेच रोज करतात. मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ नमुना सुमारे २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिकृतीतून कारण दाखवलं: अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली आलं की धुरकट चवीचं ग्वायकोल पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे नाकाजवळ येतं. ३० मिलिलिटरच्या ४० टक्के व्हिस्कीत अर्धा चहाचा चमचा पाणी पुरे, तीव्रता ३७ टक्क्यांवर येते. ६० टक्क्यांच्या पिंपातल्या मूळ व्हिस्कीत तेवढ्याच मापाला १५ मिलिलिटर घाला, ती ४० वर येईल. पाणी किंवा बर्फ घातल्यावर व्हिस्की गढूळ झाली तर घाबरू नका. थंड गाळणी न केलेल्या व्हिस्कीतली तैलद्रव्यं बाहेर येतात, ती बिघडलेली नसते.

'प्रूफ' या तीव्रतेच्या मापाची कथा बंदुकीच्या दारूची. मद्यात भिजवूनही ती पेटली की मद्य कसाला उतरलं. पुढे ब्रिटनने हा कस घनतेवर बसवला आणि १०० प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के झालं. अमेरिकेत मात्र १०० प्रूफ म्हणजे सरळ ५० टक्के. म्हणून अमेरिकी ८० प्रूफ आणि जुनी ब्रिटिश ७० प्रूफ दोन्ही ४० टक्केच. लेबलवर टक्केच पाहा. आणि पेटण्याचा प्रयोग करू नका: जळत्या पदार्थावर थेट बाटलीतून मद्य ओतलं तर ज्योत धारेवरून बाटलीत शिरू शकते. पेटवायचा पदार्थ असेल तर आधी लहान भांड्यात माप काढा आणि बाटली बंद करून दूर ठेवा.

बारा वर्षांची व्हिस्की बाटलीत आणखी बारा वर्षं ठेवली तरी बाराचीच राहते, कारण मुरणं लाकडी पिंपात होतं. बाटली उभी ठेवा, कारण तीव्र मद्य बूच कुरतडतं. वाईनची बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. तो नियम इथे आणला की बूच भुगा होतं. बाटली तळाला आली तर उरलेलं छोट्या बाटलीत भरा, हवा कमी लागते.

मार्टिनी

मार्टिनी म्हणजे जिन आणि थोडी, बहुधा फ्रेंच, वर्मूथ. चर्चिल यांची मार्टिनी म्हणजे थंड जिन आणि फ्रान्सच्या दिशेने एक नमस्कार, असा विनोद आहे. त्यामागे एक खरी तक्रार आहे: वर्मूथ वाईट लागते. पण ती वाईट लागते कारण बाटली कपाटात सहा महिने उघडी पडलेली असते. वर्मूथ ही १५ ते १८ टक्क्यांची वाईन आहे. उघडली की फ्रीजमध्ये, आणि एक-दोन महिन्यांत संपवायची. रंग तपकिरी झाला किंवा आंबूस वास आला तर ती स्वयंपाकात वापरा. मग ६० मिलिलिटर जिनला १० मिलिलिटर वर्मूथ घेऊन मोठ्या बर्फावर ३० सेकंद ढवळून बघा. गदागदा हलवलेली मार्टिनी बर्फाच्या चुऱ्याने पाणचट आणि धूसर होते.

हिरवी परी आणि अळी

'हिरवी परी' म्हणजे अॅबसिंथ, बडीशेपेच्या वासाचं हिरवट तीव्र मद्य. त्याने माणूस वेडा होतो ही समजूत मुख्यतः १९०५ च्या स्वित्झर्लंडमधल्या एका खूनप्रकरणाने पक्की केली. झां लांफ्रे याने बायको-मुलींना मारलं. त्याने त्या दिवशी भरपूर वाईन, शिवाय ब्रँडीही प्यायली होती. बदनाम झाली ती दोन ग्लास अॅबसिंथ. बंदी स्वित्झर्लंडमध्ये १९१० मध्ये आणि फ्रान्समध्ये १९१५ मध्ये आली. खरा धोका तीव्रतेचा आहे, ४५ पासून ७० टक्क्यांच्याही वर. म्हणून ३० मिलिलिटरला ९० ते १५० मिलिलिटर बर्फाळ पाणी, जाळीदार चमच्यावरच्या साखरेतून थेंबथेंब. बडीशेपेसारख्या वासाचं अॅनेथॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून दुधी रंग येतो. साखर पेटवायची पद्धत १९९० च्या दशकातली नाटकबाजी आहे. तिने चव करपते. ऊझो हे ग्रीसचं तशाच वासाचं मद्य फ्रीजरमध्ये ठेवल्यावर स्फटिक दिसले तर तेही अॅनेथॉलच; बाटली खोलीत ठेवा, विरघळतील.

अळी टकीलात नसतेच. ती मेझकाल या मेक्सिकोच्याच दुसऱ्या मद्याच्या काही बाटल्यांत असते, पतंगाची अळी असते, आणि तिने भास होत नाहीत.

चढण्या-उतरण्याचे समज

'आधी बिअर मग वाईन' की उलट, यावर जर्मनीत यमकं आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० जणांवर दोन्ही क्रम तपासले; दुसऱ्या दिवशीच्या त्रासात फरक आढळला नाही. त्रास एकूण किती प्यायलं यावर ठरतो. वाईन टिकवणाऱ्या सल्फाइटने डोकं दुखतं म्हणून रेड टाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की व्हाइटमध्ये सल्फाइट सहसा रेडपेक्षा जास्त असतं. सकाळी पुन्हा एक घोट घेतल्याने त्रास फक्त पुढे ढकलला जातो.

गळ्यात ब्रँडीचं पिंप बांधलेला सेंट बर्नार्ड कुत्रा एडविन लँडसिअर या चित्रकाराच्या १८२० च्या चित्रामुळे प्रसिद्ध झाला. गारठलेल्याला ब्रँडी देऊ नका: त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि शरीर आणखी थंड पडतं. कोरडे कपडे, पांघरूण, आणि शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या.

कॉफी आणि थंड पाण्याची अंघोळ नशा उतरवत नाहीत. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ टक्क्यांनीच घटतं; ०.०८ वरून शून्यावर यायला पाच तासांहून जास्त लागतात. कॉफीने माणूस फक्त जागा राहतो आणि आपण गाडी चालवू शकतो असं त्याला वाटायला लागतं. किल्ली काढून घ्या.

'झोपू द्या, उतरेल' ही चूक सगळ्यात महाग पडते. पोटातलं अल्कोहोल झोपेतही रक्तात मिसळत राहतं आणि उताणा माणूस उलटीने गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा आणि एकटं सोडू नका. हलवूनही जागा होत नसेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत श्वास मोजत राहा.