जुन्या टीव्हीच्या पडद्यावर रंगीत डाग पडलाय? या चुका टाळा

लालबागच्या एका चाळीतल्या काकूंनी मला बोलावलं, तेव्हा टीव्ही भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. २१ इंची जुना सेट, डाव्या कोपऱ्यात पंजाएवढा हिरवा-जांभळा डाग. नातवाने फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक पडद्यावर फिरवलं होतं. रंग फुलताना बघून पोरगा हरखला, पण चुंबक उचललं तरी रंग जाईनात तेव्हा रडकुंडीला आला. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने "ट्यूब गेली" (म्हणजे ज्यावर चित्र उमटतं ती काचेची पिक्चर ट्यूब) म्हणून सांगितलं होतं. ट्यूब ठणठणीत होती.

असा घाईचा निकाल हीच मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण नवी ट्यूब आता मिळत नाही. डाग काचेवर नसतो. रंगीत ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचे तीन झोत येतात, लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी एकेक. पडद्याच्या लगेच आत बारीक भोकांचा पातळ लोखंडी पत्रा असतो, त्याला शॅडो मास्क म्हणतात. त्या भोकांमुळे प्रत्येक झोत आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतो. चुंबक जवळ आलं की झोत वाकतो आणि शेजारच्या रंगावर जाऊन पडतो. चुंबक नेल्यावरही पत्र्यात चुंबकत्व उरतं, म्हणून डाग राहतो. ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये हा पत्राच नसतो, त्यामुळे तिथे चित्र वेडंवाकडं होतं आणि चुंबक नेलं की बहुतेक वेळा जागेवर येतं.

डाग "ओढून" काढायला चुंबकाची उलटी बाजू फिरवू नका. डाग जात नाही, फक्त जागा बदलतो. हल्लीची छोटी चकचकीत निओडिमियम चुंबकं तर पडद्याजवळ आणूच नका. त्यांची ओढ इतकी असते की पत्रा वाकू शकतो, आणि वाकलेला पत्रा सरळ होत नाही.

आता उपाय. टीव्ही सुरू करताना क्षणभर "घुंम्" असा आवाज येतो ना? ट्यूबभोवती डिगॉसिंग कॉइल गुंडाळलेली असते. सुरुवातीला तिच्यातून जोराचा एसी करंट जातो आणि दोन-तीन सेकंदांत ओसरतो. या ओसरण्यानेच पत्र्यातलं चुंबकत्व पुसलं जातं. करंट कमी करण्याचं काम थर्मिस्टर करतो: गरम झाला की वाट अडवतो. इथेच लोक चुकतात. डाग जावा म्हणून दहा वेळा चालू-बंद, चालू-बंद करतात. थर्मिस्टर गरमच असतो, कॉइलला करंट मिळतच नाही. रिमोटने बंद करूनही बऱ्याच सेटमध्ये उपयोग होत नाही. मेन स्विच बंद करा, अर्धा तास थांबा, मग चालू करा. असं तीन-चार वेळा. काकूंचा डाग तिसऱ्या वेळेला फिकट झाला, उरलेला मी हातातल्या कॉइलने, म्हणजे बाहेरून पडद्यासमोर फिरवायच्या सुट्या डिगॉसिंग कॉइलने काढला. "घुंम्" आवाजच येत नसेल तर थर्मिस्टर गेला असण्याची शक्यता मोठी. तो लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात शोधता येतो.

हातातली कॉइल वापरताना पडद्याजवळच बटण सोडलं की नवा डाग पडलाच म्हणून समजा. पडद्यासमोर गोल गोल फिरवत हळूहळू सहा-सात फूट मागे या, कॉइल आडवी वळवा, मगच बंद करा. गाण्यांच्या कॅसेट आधी दुसऱ्या खोलीत ठेवा, पुसल्या जातील.

खोली दहा बाय बारा असली की टीव्हीला खेटूनच सगळं येतं. म्युझिक सिस्टिमचे स्पीकर दोन्ही बाजूंना लावले की कडांना डाग पुन्हा पुन्हा येतात. आधी ते दोन-तीन फूट दूर करा, नाहीतर सगळी मेहनत वाया. स्टॅबिलायझर चिकटून असला तर रंग बिघडण्याऐवजी चित्र हलकंसं लहरतं. तो नुसता बाजूला सरकवा.

मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज आत राहतो. माझा हात एकदा असाच झटकला गेला, दिवसभर बधीर होता.

प्रत्येक बिघाड चुंबकाचा नसतो. सगळा पडदाच एका रंगात न्हाला असेल तर गन (इलेक्ट्रॉनचे झोत सोडणारा भाग) किंवा सर्किट बघावं लागतं. सेट पडल्यानंतर डाग आला आणि कॉइलनेही हलला नाही, तर आतला पत्रा सरकला आहे, तो दुरुस्त होत नाही. असा सेट टाकताना तांब्याच्या कॉइलसाठी ट्यूब फोडू देऊ नका. तिच्या काचेत शिसं असतं. अख्खा सेट ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.